तुळस, पुदिना, पानओवा: पानातल्या तेलाचे घटक कसे शोधायचे

समजा, पुदिन्याच्या तेलाचा रिपोर्ट हातात आला. कार्व्होन इतके टक्के, लिमोनिन तितके, खाली आणखी वीस-बावीस नावं. या कागदावर किती भरवसा ठेवायचा हे बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. पान कुठल्या झाडाचं होतं, कधी तोडलं, किती वेळ उकळलं, तेल कशात भरून आणलं, या चार गोष्टी चुकल्या तर पुढचं सगळं काटेकोर काम चुकीच्याच तेलाचं होतं. म्हणून कोल्हापूर परिसरात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्यांसाठी आणि नव्यानं छोटं ऊर्ध्वपातन (पाला पाण्यात उकळून वाफेबरोबर तेल काढणं) सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख बांधावरूनच सुरू होतो.

पहिली पायरी: झाड नक्की करा

तुळशीचं कुळ, म्हणजे लॅमिएसी, हातालाही ओळखू येतं. कोवळी काडी दोन बोटांत फिरवा, चार कोपरे लागतात. पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी असते. फुलाला वर-खाली दोन ओठ असतात. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा, पाच, पानओवा ही सगळी याच घरातली.

वासावरून मात्र कुळ ठरवू नका. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो दवणा शेवंतीच्या कुळातला. स्वयंपाकातला ओवा कोथिंबिरीच्या कुळातला आणि गवती चहा सरळ गवतच. ज्याच्या पानांची आपण भजी करतो तो पानओवा तुळशीच्या कुळातला आहे. त्याला ओव्याचा वास येतो कारण थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल हे जुळे रेणू दोन्ही कुळांना बनवता येतात.

गावाकडच्या नावांनी आणखी घोळ होतो. ‘रानतुळस’ म्हणून कुणी ओसिमम ग्रॅटिसिमम आणून देतं, कुणी ओसिमम अमेरिकॅनम, तर कुणी रस्त्याकडेला माजणारी हिप्टिस. तिघांची तेलं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. त्यामुळे ज्या झाडाचं पान घेतलं त्याचीच फुलांसकट एक फांदी दाबून हर्बेरियमचा (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) नमुना करा. रद्दीच्या कागदात ठेवा, कागद रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाचं हर्बेरियम आहे, त्याचं आंतरराष्ट्रीय संक्षिप्त नाव एसयूके. तिथे ओळख पटवून घेऊन नमुना जमा केला की त्याचा क्रमांक रिपोर्टमध्ये लिहिता येतो.

कपिलतीर्थ मंडईतली पुदिन्याची जुडी हात बसवायला उत्तम, पण रिपोर्टसाठी घेऊ नका. एका जुडीत दोन वाफ्यांचा, कधी दोन जातींचा माल असतो, आणि त्यावर पाणी मारलेलं असतं. त्यापेक्षा एक धावती काडी आणून कुंडीत लावा. पुदिना काडीवर वाढतो, त्यामुळे सगळी रोपं एकाच वाणाची राहतात. तुळशीचं उलट आहे. ती बियांवर येते आणि परपरागण होतं, त्यामुळे शेजारच्या दोन रोपांत एकीत युजेनॉल भरपूर आणि दुसरीत मिथाइल युजेनॉल भरपूर असं होऊ शकतं. एकाच रोपाची पानं घेतलीत की दहा रोपांची मिसळून, हे वहीत लिहायलाच हवं.

पानात तेल कुठे असतं आणि काय असतं

पुदिन्याचं पान उलटं करून दहापट भिंगाखाली धरा. खालच्या बाजूला पिवळसर, चकाकते ठिपके दिसतात, जणू कुणी मोहरीहून बारीक मणी टाचून ठेवलेत. या ग्रंथी आहेत. पेशी तेल तयार करतात आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली साठवतात. पान चुरगळलं की हा पापुद्रा फुटतो. म्हणूनच पोत्यात कोंबून, वर बसून आणलेल्या पाल्यातलं तेल वाटेतच उडायला लागतं.

आता रसायन. पुदिन्याच्या जातींतला फरक एका रेणूवरून समजतो, तो म्हणजे लिमोनिन. दहा कार्बनचा हा रेणू बहुतेक सगळ्या पुदिन्यांत आधी तयार होतो. पुढे ऑक्सिजन कुठल्या कार्बनवर बसतो यावर सगळं अवलंबून असतं. चटणीच्या पुदिन्यात, मेंथा स्पायकाटात, तो सहाव्या कार्बनवर बसतो आणि कार्व्होन तयार होतं. पेपरमिंटमध्ये तो तिसऱ्या कार्बनवर बसतो, मग पुलेगोन, मग मेंथोन, आणि शेवटी मेंथॉल. जपानी पुदिन्यात, मेंथा आर्व्हेन्सिसमध्ये, ही साखळी शेवटापर्यंत जाते, म्हणून त्याच्या तेलात मेंथॉल साधारण 70 ते 80 टक्के किंवा त्याहून जास्त भरतं. चटणीचा पुदिना तोंडात ‘गार’ लागत नाही आणि खोकल्याची गोळी लागते, याचं कारण हेच: पहिल्यात मेंथॉल जवळजवळ नसतंच.

ही साखळी पानाच्या वयाबरोबर पुढे सरकते. पेपरमिंटच्या कोवळ्या शेंड्यात मेंथोन जास्त, जून पानात मेंथॉल जास्त. एका आठवड्यात शेंडे आणि दुसऱ्या आठवड्यात खालची पानं तोडली, तर एकाच झाडाचे दोन रिपोर्ट दोन वेगळ्या जातींसारखे दिसतील.

बाकीच्यांचं थोडक्यात. तुळशीत युजेनॉल, मिथाइल युजेनॉल, बीटा-कॅरिओफायलीन आणि बीटा-एलेमीन. सब्जात लिनॅलूल आणि मिथाइल चॅव्हिकॉल. मरव्यात टर्पिनेन-4-ऑल आणि सॅबिनीन हायड्रेट. पानओव्यात कार्व्हॅक्रॉल किंवा थायमॉल, जोडीला पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन. पाचेत पॅचुलॉल.

तोडणी

दव वाळल्यावर, ऊन चढायच्या आत तोडा. ठरवलेली वेळ प्रत्येक खेपेला तीच ठेवा. फूल यायला लागलं असताना घेतलेला पाला बहुतेकांत चांगलं तेल देतो, पण तुळस-सब्जाच्या बी धरलेल्या मंजिऱ्या खुडून टाका. सब्जाचं बी सरबतात फुगतं तसंच फ्लास्कमध्येही फुगतं. मग पाणी बुळबुळीत होतं, फेस वर चढतो आणि तळ धरतो.

जून ते सप्टेंबर पाला वाळवायच्या फंदात पडू नका. सावलीत पाच-सात दिवसांत वाळणारं पान कोल्हापूरच्या पावसात पंधरवडा ओलं राहतं आणि कुबट होतं. पावसाळ्यात ओलाच पाला घ्या, कपड्यावर पसरून वरचं पाणी टिपा, आणि चार तासांच्या आत फ्लास्कमध्ये घाला. मात्र ओल्या वजनावरचा उतारा (पाल्याच्या मानानं मिळालेलं तेल) त्या दिवसांत कमी दिसतो, कारण पानात पाणीच जास्त असतं. म्हणून त्याच पाल्यातला 10 ग्रॅम नमुना बाजूला काढून त्यातलं पाणी मोजा. ओव्हनमध्ये 105 अंशांवर वाळवलं तर पाण्याबरोबर तेलही जातं, म्हणून जमलं तर टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी मोजण्याची रीत वापरा.

ऊर्ध्वपातन

क्लेव्हेंजर यांनी 1928 साली मांडलेलं काचेचं उपकरण आजही याच कामाला वापरतात. घेताना दुकानात स्पष्ट सांगा, ‘पाण्यापेक्षा हलक्या तेलासाठी’. जड तेलाचं वेगळं मिळतं, दोन्हींची नळी उलट चालते.

2 लिटरचा गोल बुडाचा फ्लास्क घ्या. त्यात 250 ग्रॅम ओली पानं, कात्रीनं दोन-तीन तुकडे केलेली, आणि 1 लिटर ऊर्ध्वपातित पाणी. पानं मिक्सरमध्ये वाटू नका, भांड्याच्या उष्णतेनंच हलके घटक उडून जातात. फ्लास्क दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरला की फेस थेट नळीत जातो आणि तेल हिरवं येतं. पोर्सेलिनचे चार-पाच तुकडे आधीच टाका. उकळत्या पाण्यात नंतर टाकलेत तर पाणी एकदम उसळून अंगावर येतं. बोअरचं पाणी वापरलं तर तळाला क्षार बसतात, आणि त्या थराखाली काच जास्त तापून पाला करपतो.

उपकरणाची हवेची नळी उघडी ठेवा. तिला बूच मारणं हा नवशिक्यांचा सगळ्यात धोकादायक घोटाळा आहे, कारण बंद काचेत वाफ कोंडली की फ्लास्क फुटतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. युजेनॉल एकटं 254 अंशांना उकळतं, तरी वाफेबरोबर ते खुशाल वर येतं, कारण पाणी आणि तेल या दोघांचे बाष्पदाब मिळून हवेच्या दाबाइतके झाले की मिश्रण उकळायला लागतं. म्हणून आंच वाढवून घाई करण्यात काही मिळत नाही. कंडेन्सरमधून मिनिटाला 2 ते 3 मिलिलिटर पाणी पडेल एवढीच आंच ठेवा. काहिलीखाली जाळ जास्त झाला की गुळाला करपट वास लागतो, तसंच इथेही. तळ धरला की फरफ्युरल तयार होतं आणि रिपोर्टमध्ये सुरुवातीलाच उगवतं.

पहिला थेंब पडल्यापासून 3 तास मोजा. लिमोनिनसारखे हलके रेणू पहिल्या अर्ध्या तासात बरेचसे येतात, कॅरिओफायलीनसारखे पंधरा कार्बनचे रेणू रेंगाळत येतात. तासाभरात बंद केलेल्या तुळशीच्या तेलात कॅरिओफायलीन कमी आणि युजेनॉलचा टक्का फुगलेला दिसेल. मरव्याचं उलटं दुखणं आहे. त्याचं सॅबिनीन हायड्रेट उकळत्या, किंचित आंबट पाण्यात मोडतं आणि टर्पिनेन-4-ऑल वाढतं. म्हणून वेळ कमी-जास्त करायची असेल तर ठरवून करा आणि लिहून ठेवा.

कंडेन्सरला नळाचं पाणी सतत सोडायची गरज नाही. बादलीत पाणी, त्यात कूलरचा छोटा पंप, अधूनमधून बर्फ, एवढं पुरतं. जपानी पुदिना लावलात तर मात्र बर्फ टाकू नका. मेंथॉल 42 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे गार काचेवर पांढऱ्या सुया जमतात आणि वाट बुजायला लागते. तेव्हा बादलीतलं पाणी 30 अंशांपर्यंत कोमट होऊ द्या.

तुळशीची अडचण वेगळी. युजेनॉलची घनता 1.06 आहे, पाण्यापेक्षा जास्त. युजेनॉल भरपूर असलेलं तेल धड तरंगत नाही, धड बुडत नाही. नळीत दुधाळ पट्टा दिसतो आणि थेंब खाली सरकून पाण्याबरोबर फ्लास्कमध्ये परत जातात. उपाय असा: सुरुवातीलाच मोजनळीत 0.5 मिलिलिटर झायलीन घाला. तेल त्यात विरघळून वर राहतं, शेवटी एकूण मापातून 0.5 वजा करा. पण झायलीनचे पीक (आलेखातले उंचवटे) रिपोर्टमध्ये येतात, म्हणून उताऱ्यासाठी एक खेप झायलीन घालून करा आणि घटकांसाठी दुसरी खेप थोडं हेक्झेन घालून. एकाच खेपेत दोन्ही साधायला जाऊ नका.

उताऱ्याचा हिशेब: 250 ग्रॅम ओल्या पाल्यातून 0.9 मिलिलिटर तेल म्हणजे 0.36 टक्के. पाल्यात 85 टक्के पाणी असेल तर कोरडा पाला 37.5 ग्रॅम, आणि तोच उतारा 2.4 टक्के होतो. ओल्यावर की कोरड्यावर हे न लिहिलेला आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही.

तेल काढून ठेवणं

आंच बंद केल्यावर अर्धा तास थांबा, तेल निवून स्वच्छ वेगळं होऊ द्या. काचेच्या पिपेटनं काढा, चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट घाला, हलवा. पूड मोकळी हलत असेल तर पाणी गेलं, गोळा झाली तर आणखी घाला. मग वरचं तेल तपकिरी काचेच्या लहान कुपीत गळ्यापर्यंत भरा, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर हवं, आणि 4 अंशांवर ठेवा. मोठ्या कुपीत तळाला पडलेल्या दोन थेंबांना वरची हवाच खाते.

टेफ्लॉन सोडून दुसरं प्लास्टिक कुठेही लावू नका. सुगंधी तेल प्लास्टिक आणि रबर दोन्ही विरघळवतं, आणि मग मशीनमध्ये 149 वस्तुमानाचा ठळक तुकडा देणारे थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) रिपोर्टमध्ये ‘नवीन घटक’ म्हणून नांदायला लागतात. तुळशीवर काम करताना तेल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुवायचा सल्लाही ऐकू नका. युजेनॉल, थायमॉल, कार्व्हॅक्रॉल हे फिनॉल आहेत, तीव्र अल्कलीत ते सरळ पाण्यात उतरतात आणि मोरीत जातात.

मशीन

मशीन म्हणजे जीसी-एमएस. जीसीचा कॉलम, म्हणजे लांब बारीक नळी, तेलातले घटक वेगळे करतो आणि एमएस प्रत्येक घटकाचे रेणू फोडून तुकड्यांचं वस्तुमान मोजतं. 10 मायक्रोलिटर तेल 1 मिलिलिटर हेक्झेनमध्ये. त्यातलं 1 मायक्रोलिटर, स्प्लिट 1:50 (म्हणजे साधारण पन्नासावा भागच कॉलममध्ये जातो). कॉलम 5 टक्के फिनाइल जातीचा, 30 मीटर लांब, 0.25 मिलिमीटर व्यासाचा, थर 0.25 मायक्रोमीटर. हेलियम मिनिटाला 1 मिलिलिटर. ओव्हन 60 अंशांपासून मिनिटाला 3 अंशांनी 240 पर्यंत, म्हणजे तासाभराचा रन (नमुन्याची मशीनमधली एक फेरी). इंजेक्टर 250 अंश. एमएसचा आयनीकरण ऊर्जेचा आकडा 70 इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि हेक्झेन निघून जाईपर्यंत फिलामेंट बंद.

जीसी-एमएस बाहेरून करून घेणार असाल तर नमुना देतानाच दोन गोष्टी मागा. त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं सी-8 ते सी-20 सरळ अल्केनच्या (8 ते 20 कार्बनच्या सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनच्या) मिश्रणाचा एक रन, आणि छापील पानांऐवजी मूळ डेटा फाइल. अल्केनचा रन नसेल तर पुढची पायरी करताच येत नाही.

नाव देणं

सॉफ्टवेअर प्रत्येक पीकपुढे एक नाव आणि जुळणीचा आकडा छापतं. नवशिके तेच नाव तक्त्यात उतरवतात आणि बहुतेक चुकीचे रिपोर्ट इथेच जन्माला येतात. टर्पीन एकमेकांची भावंडं आहेत, 93 वस्तुमानाचा तुकडा त्यातल्या डझनभरांत सापडतो. सॉफ्टवेअरमधली लायब्ररी (ओळखीच्या रेणूंच्या तुकड्यांच्या नोंदी) फक्त उमेदवार सुचवते. निवड रिटेन्शन इंडेक्सनं, म्हणजे पीक अल्केनच्या तुलनेत कधी येतो त्या आकड्यानं, करायची.

हिशेब सोपा आहे. तुमच्या पीकच्या आधीचा अल्केन आणि नंतरचा अल्केन बघा. पीकच्या वेळेतून आधीच्याची वेळ वजा करा, दोन अल्केनमधल्या अंतरानं भागा, 100 नं गुणा आणि आधीच्याच्या कार्बनसंख्येच्या शंभरपटीत मिळवा. समजा, सी-11 आला 12.40 मिनिटांना, सी-12 आला 15.00 ला, आणि पीक 14.14 ला. 1.74 भागिले 2.60 म्हणजे 0.669. इंडेक्स 1167. या कॉलमवर मेंथॉल 1167 लाच येतं, मेंथोन 1148 ला, आयसोमेंथोन 1158 ला. मेंथॉलचा 156 चा पूर्ण रेणू एमएसमध्ये सहसा दिसत नाही, पाणी निघून गेलेला 138 दिसतो, त्यामुळे नुसत्या वर्णपटावर (तुकड्यांच्या आलेखावर) विसंबलं तर गफलत ठरलेली.

जवळ ठेवायचे काही आकडे: लिमोनिन 1024, लिनॅलूल 1095, मिथाइल चॅव्हिकॉल 1195, पुलेगोन 1233, कार्व्होन 1239, युजेनॉल 1356, बीटा-एलेमीन 1389, मिथाइल युजेनॉल 1403, बीटा-कॅरिओफायलीन 1417, कॅरिओफायलीन ऑक्साइड 1582. पाच-सहा एककांचा फरक चालतो. पंधरा-वीसचा आला तर नाव बदला, आकडा ओढूनताणून बसवू नका.

पानओव्यात हमखास अडकायला होतं. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल दोघांचेही ठळक तुकडे 135 आणि 150, वर्णपट जवळजवळ एकच. थायमॉल 1289, कार्व्हॅक्रॉल 1298. एवढ्या कमी अंतरात खात्री हवी असेल तर शुद्ध थायमॉलचा कणभर नमुना तेलात मिसळून पुन्हा रन घ्या. जो पीक उंचावेल तो थायमॉल. त्यासाठी बाजारातलं ओव्याचं फूल नको, ते रसायनानं थायमॉलच असलं तरी शुद्धतेची खात्री नसते. प्रयोगशाळेचं प्रमाणित थायमॉल वापरा.

लिमोनिन आणि 1,8-सिनिओल या कॉलमवर एकमेकांच्या अंगावर येतात, 1024 आणि 1026. पीकच्या चढावर 68 वस्तुमान आणि उतारावर 154 दिसलं तर आत दोघंही आहेत. मोजायचे असतील तर वॅक्स जातीचा ध्रुवीय कॉलम लागेल.

आणि साधा कॉलम उजवा-डावा रेणू ओळखत नाही. पुदिन्यातलं कार्व्होन आणि बाळंतशेपेतलं कार्व्होन एकाच इंडेक्सवर येतं, वास मात्र दोन वेगळे, कारण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे. तिथे कायरल कॉलम किंवा पोलारिमीटर हवा.

तुळशीच्या रिपोर्टमध्ये युजेनॉल आणि मिथाइल युजेनॉल एकत्र ‘युजेनॉल’ म्हणून लिहिणं ही गंभीर चूक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2023 साली मिथाइल युजेनॉल 2-ए गटात, म्हणजे माणसाला बहुधा कर्करोगकारक, असं ठरवलं. तेल साबणात, मलमात किंवा खाण्यात जाणार असेल तर हा आकडा वेगळा दिसायलाच हवा. युजेनॉलचा रेणू 164 चा, मिथाइल युजेनॉलचा 178 चा, इंडेक्समध्ये जवळपास पन्नास एककांचं अंतर. वेगळे करायला काहीच अवघड नाही.

तक्ता

टक्केवारी एफआयडीच्या (ज्योतीनं मोजणाऱ्या डिटेक्टरच्या) पीकच्या क्षेत्रफळावरून द्या, एमएसच्या नव्हे. एमएसमध्ये कुठला रेणू किती तुटतो त्यावर पीकची उंची बदलते. तीन वेगळ्या खेपांची सरासरी लिहा. एकाच तेलाचे तीन रन म्हणजे तीन खेपा होत नाहीत. 207 आणि 281 चे तुकडे दाखवणारे पीक कॉलमचे आहेत, काढून टाका. ज्यांचं नाव लागलं नाही ते इंडेक्ससह ‘अनोळखी’ म्हणून राहू द्या. 100 टक्के ओळख पटलेला तक्ता जाणकाराला आधी खटकतो.

तक्त्याखाली वनस्पतीचं शास्त्रीय नाव, हर्बेरियम क्रमांक, गाव, तोडणीची तारीख आणि वेळ, पानाची अवस्था, ओला की वाळलेला पाला, ऊर्ध्वपातनाचे तास, कॉलम आणि रनची तारीख लिहा. तोडणी आणि रन यांत महिन्याभराचं अंतर पडलं असेल तर तीच कुपी पुन्हा तपासा. पानओव्यात गॅमा-टर्पिनीन उतरून पॅरा-सायमीन चढलेलं असेल, तुळशीत कॅरिओफायलीनची जागा त्याचं ऑक्साइड घेत असेल, तर ते कुपीत जुनं झालेलं तेल आहे. ताज्या पाल्याची नवी खेप लावा.